डाव्या हाताची घडी

या, जरा पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनो, तुम्हीसुद्धा. अंगाला अंग लागलं तरी चालेल, गोष्टच तशी आहे. चादरींची आहे, वाफेची आहे आणि दोघीजणींची आहे. देवाचं नाव घेऊ आणि सुरू करू. मागच्या रांगेबद्दल काय ते शेवटी सांगायचं आहे, तेव्हा मधेच उठू नका.

तर, आत्याची लाँड्री. रस्त्याकडेला काचेची खिडकी, आत धुण्याची दोन मोठी मशिनं, इस्त्रीचा गरम रोलर आणि कायमची वाफ — इतकी, की काचेवर बोटानं काही लिहिलं तर संध्याकाळपर्यंत टिकावं. हॉस्पिटलच्या चादरी तिथं यायच्या, हॉटेलांची टेबलक्लॉथं यायची, आणि महिन्यातून एकदा प्रार्थनागृहाची पांढरी बिछायत यायची. आत्या आणि तिची भाची मिळून घड्या घालत. भाचीला सगळे धाकटी म्हणत. तिच्यावर थोरलं कोणी नव्हतं, ती एकुलती एक. पण आत्याचं म्हणणं असं, की त्या घरात आवाजानं थोरले एकटे तिचे बाबा. बाकी सगळे आपोआप धाकटे.

बाबा दिवसभर किल्ल्या करायचे आणि अडलेली कुलपं सोडवायचे. सुट्टीच्या दिवशी सकाळी मात्र ते प्रार्थनागृहात उभे राहून गाऊन प्रवचन करत. दोन वाक्यं सांगावीत, मग गळ्यातून ओळ काढावी, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा. आणि त्यांच्या मागे एक पाऊल डावीकडे धाकटी. बाबा विचारत —

उघड्या दारी कोण उभे?

आणि ती वरच्या सुरात उत्तर देई —

मीच उभी रे, मीच उभी.

आधी ही जागा आईची होती. आई गेली, आणि पुढच्याच आठवड्यात धाकटी न सांगता तिथं जाऊन उभी राहिली. बाबांचा आवाज आता वर चढत नसे. ते ओळ अर्ध्यावर आणून सोडत आणि मान किंचित तिरकी करत, की धाकटीनं ती उचललीच. त्या एका तिरक्या मानेसाठी ती सबंध आठवडा वाफेत काढू शकली असती.

ते प्रार्थनागृह त्यांच्या लोकांचं. त्यांचे लोक त्या शहरात मूठभर, एका गल्लीत मावतील इतके. पणजोबांच्या वेळी दुरून आलेले, आणि अजूनही बाजारात कोणी आडनाव विचारलं की जरा सावरून सांगणारे.

असाच एक भुरभुर पावसाचा दिवस. आत्याचा खांदा आखडला होता. समोर रोलरवरून निघालेल्या गरम चादरींचा ढीग, आणि मोठ्या चादरीची घडी एकट्या माणसाच्यानं होत नाही. धाकटी कमरेवर हात ठेवून त्या ढिगाकडे बघत असतानाच दार ढकलून हॉस्पिटलची नवी गाडीवाली आत आली. खांद्यावर मळक्या चादरींचं गाठोडं, केसांवर पावसाचे थेंब, आणि तोंडात गाडीची किल्ली, कारण हात रिकामे नव्हते.

"किल्ली काढा तोंडातून, गिळाल," धाकटी म्हणाली.

गाडीवालीनं गाठोडं टाकलं आणि किल्ली काढली. "गिळली असती तर काय केलं असतं?"

"बाबांकडे नेलं असतं. ते किल्ल्या करतात."

"पोटातल्या?"

"अजून कोणी आलं नाही त्या कामाला. तुम्ही पहिल्या."

गाडीवाली हसली. हसताना तिच्या एकाच गालाला खळी पडायची, आणि धाकटीला कारण नसताना वाटलं, की आता दुसरा गालही बघायला हवा.

"त्या बाईला हसवत बसण्यापेक्षा दुसरं टोक धरायला सांग," आत्या खुर्चीतून म्हणाली.

घडीची रीत साधी असते. दोघींनी चार कोपरे धरायचे, एकदा झटकायचं, ताणायचं. आडवी दुमड घालायची. मग एकमेकींकडे चालत यायचं, एकीनं आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे, खाली लोंबणारी कड पकडायची आणि मागं जायचं. पुन्हा यायचं, पुन्हा जायचं. आत्या आणि धाकटी हे डोळे मिटून करत. गाडीवालीबरोबर मात्र पहिल्याच दुमडीला चादरीला पीळ पडला.

"उजवा हात वर," धाकटी म्हणाली.

"वरच आहे."

"हा डावा आहे."

"माझा उजवा हाच," गाडीवाली गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. "मी डावरी आहे. जन्मापासून. घरच्यांनी खूप समजावलं, हात ऐकेना."

दुसऱ्या चादरीला पीळ, तिसरीलाही पीळ. चौथ्या वेळी धाकटीनं काही न बोलता स्वतःचा हात बदलला. डावा वर, उजवा खाली. चादर सरळ झाली... आणि कोपरे देताना गरम कापडाखाली बोटांना बोटं लागली. गाडीवाली मागं जायला जरा उशीर करतेय, असं धाकटीला वाटलं. का आपणच कोपरे सोडत नाही आहोत?

"सोडा की," गाडीवाली हळूच म्हणाली.

"हो... सोडते."

आत्यानं खांद्यावरची शेकायची पिशवी सरकवली आणि छताकडे बघितलं. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

आत्याचा खांदा यथावकाश बरा झाला, पण आत्या तसं बोलेना. गाडीवाली रोज फेरी संपवून यायची, हातपाय धुऊन टोक धरायची. तिचं नाव डावरीच पडलं. ती पलीकडच्या मोठ्या वस्तीतली, म्हणजे जिथं शहरातली बहुतेक माणसं राहतात तिथली. गाण्यात तिला काडीची गती नव्हती. धाकटी घड्या घालताना गुणगुणायला लागली की ती मुद्दाम चुकीच्या जागी सूर लावायची, आणि धाकटीची घडी हसण्यानं वाकडी व्हायची.

"तू गाऊ नकोस, कापड आटतं," धाकटी एकदा म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण 'तू' म्हणालो.

डावरीच्याही ते लक्षात आलं होतं. "पुन्हा म्हण."

"काय? गाऊ नकोस?"

"त्यातलं पहिलं."

मशिनं घरघरत होती, काचेबाहेर सगळं धूसर होतं. दोघींच्या मधे एक लांबलचक पांढरी चादर होती आणि ती हळूहळू आखूड होत होती. डावरी कोपरे घेऊन आली. आणि या वेळी ते दिलेच नाहीत, तसेच धरून उभी राहिली.

"एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "मला... बायका आवडतात. म्हणजे तशा. आधी सांगितलेलं बरं. तुला नको वाटलं तर उद्यापासून मी गाठोडं दारात ठेवून जाईन."

धाकटीनं खाली बघितलं. चार हात, एक कापड. "सगळ्या बायका?" तिनं विचारलं.

"नाही. हल्ली एकच."

"गाणारी आहे का?"

"गाणारी आहे. आणि फार वेळ लावते उत्तर द्यायला."

"मी पण तशीच आहे," धाकटी म्हणाली. आवाज नेहमीसारखा वरच्या सुरात निघाला नाही, अगदी खालून निघाला. "कधी कोणाला सांगितलं नव्हतं. तुला... सांगते."

पुढं काय झालं ते वाफेनं झाकलं, आपणही झाकू.

आता असं बघा, की त्या शहरात वर्षापूर्वी कायदा झाला होता. दोघी बायकांना, दोघा पुरुषांना रीतसर नोंदणी करून संसार मांडता येई. मोठ्या वस्तीत त्यावर भांडणं होऊन होऊन माणसं थकली होती. धाकटीच्या लोकांनी तो कायदा आपल्यासाठी नाहीच असं धरलं होतं. शेजारच्या घरातला आवाज ऐकू येऊन न आल्यासारखं करतो ना, तसं.

"माझ्या भावाच्या कानावर घातलं," एका संध्याकाळी डावरी म्हणाली. "बाई म्हटल्यावर त्यानं मान डोलावली, ते त्यानं केव्हाच गिळलंय. पण तुमच्यातली म्हटल्यावर चहा बाजूला ठेवला. म्हणाला, सगळं शहर सोडून त्यांच्यातलीच?"

"आमच्याकडे उलट. तुमच्यातलं कोणी आलं तर कुरकुर करून चालवून घेतील. फक्त तो पुरुष हवा."

"म्हणजे माझ्या घरी तुझं बाई असणं पास, तुझ्या घरी माझं परकं असणं पास. दोन्ही घरं मिळून जेमतेम एक माणूस पास होतं," डावरी म्हणाली, आणि दोघी हसल्या. पण धाकटीचं हसू आधी संपलं. तिला ती तिरकी मान आठवली होती.

मग बिछायत धुवायला आली.

ही बिछायत म्हणजे प्रार्थनागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचं एकच कापड, पट्ट्या जोडून शिवलेलं. शिवण खाली जावी अशा बेतानं तिची घडी घालायची, म्हणजे चौथऱ्यापाशी ठेवून दाराकडे उलगडत नेली की वर स्वच्छ पांढरं येतं. धाकटीनं आणि डावरीनं ती घातली, तीन गाणी आणि पुष्कळ थट्टा करत. हात आपोआप डावीकडून गेले. धाकटीच्या मनातही आलं नाही, की आपला हात आता बदलला आहे.

सुट्टीच्या दिवशी बायकांनी बिछायत उलगडली. शिवण वर आली. सगळी ठिगळं, सगळे रफू, आईच्या हातचासुद्धा एक, लोकांसमोर उताणे पडले.

"ही घडी कुणी घातली?" चष्मेवाले काका म्हणाले. बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान, आणि प्रार्थनागृहाचे ते अध्यक्ष.

आणि मग हॉस्पिटलात सिस्टर असलेली एक सून सहज बोलून गेली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. "अय्या, आमच्याकडेही हल्ली सगळ्या चादरी अशाच उलट्या उघडतात. ती डावरी गाडीवाली घालते ना आपल्या धाकटीबरोबर. काय हसत असतात दोघी, खिडकीतून दिसतं."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "मैत्रीण आहे का तुझी?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायची गरजही नव्हती. 'हो' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. धाकटीनं बाबांकडे पाहिलं. ते पेटीच्या भात्याचा पट्टा सोडत होते, सोडतच राहिले होते.

"आहे," ती म्हणाली. "आणि मैत्रिणीपेक्षा जास्त आहे."

त्या दिवशी प्रवचन झालं नाही.

चष्मेवाले संध्याकाळी घरी आले. वाईट माणूस नव्हे हो. प्रार्थनागृहाचं छत गळायचं तेव्हा स्वतः वर चढून पत्रे बदलणारा माणूस. ते बाबांसमोर बसले आणि म्हणाले, "मी लहान असताना प्रार्थनागृहाच्या खिडकीतून दगड आत आला होता, ठाऊक आहे ना तुम्हाला? माझ्या आजीच्या कपाळाला लागला. आपण मूठभर आहोत. पोरांची भाषा गेली, आता हेही मोठ्या वस्तीकडून घ्यायचं? त्यांना आयतं बोट दाखवायला मिळेल, बघा यांच्या पोरी म्हणून."

"बोट तर तुम्हीच दाखवताय," आत्या आतून म्हणाली.

"तुम्ही मधे पडू नका. मी एवढंच सांगतो, तिनं तुमच्या मागे उभं राहून गाऊ नये. घरात काय करायचं ते करा. नाहीतर निम्मे लोक यायचे थांबतील."

बाबा किल्ल्या घासत राहिले. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. किल्ल्या घासत राहिले. धाकटीला त्या खसखस आवाजानं झोप लागेना. देवा, तिनं मनात म्हटलं, मला दोन्हींतलं एक निवडायला लावू नकोस, माझा हात दोन्हीकडे चालतो आता.

शेवटी एका सकाळी, चहा ओतता ओतता, बाबांनी विचारलं, "ती गाते का?"

धाकटीनं पुढं केलेली बशी तशीच हातात धरली. "नाही बाबा. तिला सूर अजिबात नाही."

"अजिबात?"

"इतका नाही, की ऐकवत नाही."

बाबांनी चहाचा घोट घेतला. "बरं झालं. एका घरात तीन गाणारे असले की ऐकायला कोणी उरत नाही."

धाकटी तिथंच उभी राहून रडली. बाबांनी तिला रडू दिलं, आणि चहा निवला तशी बशी तिच्या हातातून काढून घेतली.

"पण मी मागे उभं राहायचं नाही म्हणतात," ती म्हणाली.

"बघू."

पुढच्या सुट्टीला प्रार्थनागृह भरलं होतं. भांडण व्हायची शक्यता असली की माणसं वेळेवर येतात. धाकटी जाऊन अगदी मागच्या रांगेत, दाराजवळ बसली. दारात डावरी उभी. ती आत्याला गाडीनं सोडायला आली होती, आणि आत्यानं "थांब जरा" म्हणून तिला थांबवलं होतं. आत यायचं तिचं धाडस नव्हतं. बूट पायातच, किल्ली हातात.

बाबा आले. पेटी घेऊन चौथऱ्याकडे निघाले, आणि मधेच वळून मागच्या रांगेत आले. धाकटीच्या शेजारी मांडी घालून बसले. पेटी पुढ्यात ठेवली.

"अहो, पुढे चला," चष्मेवाले म्हणाले.

"मी इथं बरा आहे. तिला पुढं यायची मनाई, आणि तिच्यावाचून माझी वरची ओळ होत नाही. तुम्ही पुढं कोणालाही उभं करा. मी ऐकतो."

चष्मेवाल्यांचा नाइलाज झाला. ते स्वतःच चौथऱ्यावर गेले, घसा साफ केला आणि ओळ धरली — पण इतक्या वर धरली, की पुढं जायला जागाच उरली नाही. 'उघड्या दारी' पर्यंत पोचले आणि तिथंच अडकून पडले. कोणीतरी खोकलं. कोणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं.

आता थोरल्या काकूंबद्दल सांगायला हवं. पहिल्या रांगेत, चौथऱ्याला लागून, त्यांची वर्षानुवर्षांची जागा. कान जेमतेम चालायचे, गुडघे त्याहून कमी. त्यांच्या लोकांत त्यांच्याइतकं जुनं कोणी नव्हतं. त्या दगडाच्या दिवशीही त्या तिथंच बसलेल्या होत्या. त्यांनी आपल्या सुनेला, त्या सिस्टरलाच, विचारलं, "गाणारा कुठं आहे?"

"मागे बसलेत, आई."

"का?"

सुनेनं कानाशी लागून सांगितलं. सगळ्या हॉलला ऐकू गेलं. थोरल्या काकूंनी ऐकून घेतलं.

"मी म्हातारी इथं चष्मा ऐकायला आलेले नाही," त्या म्हणाल्या. "माझं आसन फिरव."

सुनेनं आसन फिरवलं. थोरल्या काकू दोन्ही हात टेकून, गुडघ्यांना नावं ठेवत, चौथऱ्याकडे पाठ करून बसल्या. "हं," त्या मागच्या रांगेकडे बघून म्हणाल्या, "आता गा."

मग शेजारची एक बाई वळली. मग तिचा नवरा, बायको वळली म्हणून. मग बसल्या बसल्या सरकण्याचा, वस्त्रांचा एक सळसळाट हॉलभर झाला, आणि पुढची रांग मागची झाली, मागची पुढची. सगळे नाही वळले. काही घरं उठून बाहेर गेली, डावरीच्या बाजूनं, तिला न शिवता. त्यांतली काही नंतर कधी आलीच नाहीत, हेही सांगायला हवं. चष्मेवाले चौथऱ्यावरून उतरून पहिल्या रांगेतच बसले, सगळ्यांकडे पाठ करून, रिकाम्या चौथऱ्याकडे बघत. पण त्यांचा हात मांडीवर ठेका धरत होता, असं आत्या म्हणते. आत्याच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

बाबांनी सूर धरला.

उघड्या दारी कोण उभे?

आणि मान तिरकी केली. धाकटीनं ओळ उचलली. गाताना तिनं दाराकडे पाहिलं, आणि दारातली बाई पायातले बूट काढत होती... आधी डावा.

प्रवचन संपलं, माणसं चहाला बाहेर गेली. बिछायत उचलायची होती. आत्यानं खांदा धरून कण्हल्यासारखं केलं.

"ती उभीच आहे तर तिला टोक धरू दे," थोरल्या काकू सुनेच्या खांद्यावर रेलून जाता जाता म्हणाल्या. "फक्त शिवण खाली घाला गं. माझ्या हातचा रफू आहे तिथं, वाकडा आलाय."

दोघी दोन टोकांना गेल्या. झटकलं, ताणलं. लांबच्या लांब पांढऱ्या कापडापलीकडून डावरी म्हणाली, "डावा का उजवा?"

"तुझा जो असेल तो. मी जुळवून घेते."

"रोज रोज तूच का जुळवून घ्यायचं? आज उजवा."

डावरीनं उजवा हात वर नेला, अवघडत, कपाळाला आठी घालून. पीळ पडला नाही. दुमड झाली. त्या चालत एकमेकींजवळ आल्या, कोपऱ्याला कोपरा लागला, बोटांना बोटं.

"किती दिवस असं यायचं आणि मागं जायचं?" डावरीनं हळूच विचारलं. "नोंदणीची कचेरी उद्या उघडी असते. गाडी माझीच आहे."

"तुझा भाऊ?"

"चहा बाजूला ठेवेल. मग निवला की पिईल."

धाकटीनं दाराकडे पाहिलं. बाबा पेटीच्या भात्याचा पट्टा लावत होते, आणि या वेळी तो झटकन लागला. आता मागं जायची पाळी तिची होती. लोंबती कड पकडायची आणि मागं सरायचं.

ती सरली नाही.

बिछायतीची ती घडी जरा ओबडधोबडच झाली, पण पुढच्या आठवड्यात उघडली तेव्हा शिवण खाली होती.

एवढीच गोष्ट. दोघी अजून त्या लाँड्रीच्या वर राहतात, आणि खालून आत्या छताकडे बघते. उठण्याआधी माझं एक मागणं आहे. देवासमोर हात जोडाल तेव्हा त्या दोघींना आठवलं नाहीत तरी चालेल, त्या सुखात आहेत. थोरल्या काकूंना आठवा. त्या आता नाहीत. सगळा हॉल एकीकडे तोंड करून बसला होता, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी सगळ्यांत आधी त्या वळल्या.